स्थलांतर कायदा शिकवताना इतर देशांचे कायदे किती आणि कसे वाचावेत?

मूळ मुद्दा (विधी महाविद्यालयातील प्राध्यापिका)

स्थलांतर कायदा हा ऐच्छिक विषय मी काही वर्षांपासून शिकवते आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून स्थलांतर आणि परकीय नागरिकांविषयीचा नवा अधिनियम लागू होऊन १९४६ च्या परकीय नागरिक कायद्यासह चार जुने कायदे रद्द झाले. तेव्हापासून आमच्याकडे असा आग्रह धरला जातो आहे की, परदेशी न्यायनिवाडे अभ्यासक्रमातून काढावेत आणि विद्यार्थ्यांना आपलाच कायदा नीट शिकवावा. हा आग्रह मला मान्य नाही, आणि का मान्य नाही हे एकाच प्रश्नाच्या आधारे सांगते.

परत पाठवण्यासाठी ताब्यात घेतलेल्या माणसाला कोणताच देश स्वीकारत नसेल, किंवा त्याची कागदपत्रेच तयार होत नसतील, तर त्याला किती काळ डांबून ठेवता येते? इंग्लंडमध्ये हा प्रश्न हरदियाल सिंग या भारतीय माणसामुळे उभा राहिला. शिक्षा संपल्यानंतरही हद्दपारीसाठी त्याला डरहॅमच्या तुरुंगात ठेवले होते. न्या. वुल्फ यांनी १९८३ मध्ये सांगितले की, कायद्यात मुदत लिहिलेली नसली तरी हा अधिकार हद्दपारीसाठी वाजवी लागेल तेवढ्याच काळापुरता असतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी सहा महिन्यांची कसोटी लावली, म्हणजे त्यानंतर नजीकच्या काळात पाठवण्याची शक्यता दिसत नसेल तर माणसाला सोडावे. ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने मात्र २००४ मध्ये चार विरुद्ध तीन मतांनी ठरवले की, कुवेतमध्ये जन्मलेल्या, कोणत्याही देशाचे नागरिकत्व नसलेल्या पॅलेस्टिनी माणसाला पाठवण्याची शक्यता दिसत नसली तरी त्याला बेमुदत ताब्यात ठेवता येते. एकोणीस वर्षांनी, नोव्हेंबर २०२३ मध्ये, एका रोहिंग्या माणसाच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने तो निर्णय फिरवला.

हे चारही निर्णय शेजारी ठेवून वाचल्यावर विद्यार्थ्याच्या लक्षात येते की, आपल्या १९४६ च्या कायद्यातील कलम ३ मध्ये परकीय व्यक्तीला ‘ताब्यात ठेवण्याचा’ अधिकार होता, पण त्याला काळाची मर्यादा नव्हती. फक्त आपलाच कायदा वाचणाऱ्याला ही उणीव सहसा दिसत नाही, कारण जे लिहिलेलेच नाही ते वाचताना डोळ्यांसमोर येत नाही.

प्रतिसाद १ (मुंबईतील वकील)

बाई, आपण निवडलेले उदाहरण भारदस्त आहे, परंतु माझा अनुभव नेमका उलटा आहे. माझ्याकडे उमेदवारीसाठी येणारी मुले अमेरिकेतील सहा महिन्यांची कसोटी तोंडपाठ म्हणून दाखवतात. मात्र आपण परकीय नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी आपल्याकडे त्या व्यक्तीवरच असते, जुन्या कायद्याच्या कलम ९ मध्ये ती होती आणि नव्या कायद्यातही आहे, हे त्यांना सांगावे लागते. ज्याच्या हातात, आसाममध्ये नागरिकत्व सिद्ध करायला लागणारी, १९७१ पूर्वीच्या मतदारयादीची फिकट झालेली झेरॉक्स प्रत आहे आणि तिच्यात वडिलांच्या नावात एक अक्षर कमी आहे, त्याचा खटला त्या एका अक्षरावर उभा असतो. तिथे डरहॅमचा निवाडा उपयोगी पडत नाही.

शिवाय आपल्याकडे मर्यादा आली ती आपल्याच न्यायालयातून. आसाममध्ये परकीय ठरवून स्थानबद्ध केलेल्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाने मे २०१९ मध्ये तीन वर्षे पूर्ण केलेल्यांना अटींवर सोडण्याची मुभा दिली, आणि एप्रिल २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत ती मुदत दोन वर्षांवर आणून एक लाख रुपयांचा जातमुचलका पाच हजारांवर आणला. एक सत्र पूर्ण भारतीय कायद्याला द्या, आणि वेळ उरला तर तुलना करा.

प्रतिसाद २ (मडगाव येथील वकील)

वेळ उरला तर तुलना, हे गोव्यात चालत नाही. येथे भारतीय कायदा समजण्यासाठीच दुसऱ्या देशाचा कायदा वाचावा लागतो. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्या माणसाला पोर्तुगालचा कायदा आपला नागरिक म्हणवून घेण्याची वाट मोकळी ठेवतो, आणि त्याच्या जन्माची नोंद लिस्बनच्या नोंदणी कार्यालयात करता येते. त्या कायद्याच्या नजरेतून ही जुन्याच वस्तुस्थितीची नोंद असते. भारताने १९६२ च्या आदेशाने येथील लोकांना नागरिकत्व दिले आणि आपली राज्यघटना दुहेरी नागरिकत्व मानत नाही. त्यामुळे तोच कागद दिल्लीच्या नजरेतून, नागरिकत्व अधिनियमाच्या कलम ९ प्रमाणे, स्वेच्छेने परके नागरिकत्व घेतल्याचा पुरावा ठरू शकतो.

एक आजी माझ्या टेबलावर दोन कागद ठेवून बसल्या होत्या. एक पोर्तुगीज हस्ताक्षरातला चर्चच्या दाखल्याचा उतारा आणि दुसरे भारतीय मतदार ओळखपत्र. त्यांच्या आडनावाचे स्पेलिंग दोन्हींत वेगळे होते. मुलाने इंग्लंडला जाण्यासाठी त्यांच्या जन्माची नोंद लिस्बनला करून घेतली होती आणि त्या विचारत होत्या, ‘म्हणजे आता मी मत द्यायचे की नाही?’ या प्रश्नाचे उत्तर एकाच देशाचा कायदा वाचून देता येत नाही. नोंद आणि पासपोर्ट यांतला फरकही इथे महत्त्वाचा आहे, कारण आपल्या नियमांप्रमाणे परदेशी पासपोर्ट मिळवणे हा निर्णायक पुरावा मानला जातो. त्यामुळे आजींना मी सर्वांत आधी एवढेच विचारले की, पासपोर्टसाठी अर्ज केला आहे का.

प्रतिसाद ३ (पुण्यातील संशोधक विद्यार्थी)

गोव्याचे उदाहरण पटले, परंतु तिथे दोन कायदे एकाच माणसावर एकाच वेळी लागू होतात, म्हणून ते दोन्ही वाचणे भागच आहे. बाईंच्या उदाहरणात तसे नाही. ऑटो कान-फ्रॉइंड हे बर्लिनमध्ये कामगार न्यायालयाचे न्यायाधीश होते. १९३३ मध्ये नाझी राजवटीने त्यांना पदावरून काढले आणि ते इंग्लंडमध्ये आश्रयाला गेले. एका देशाचा नियम उपटून दुसऱ्या देशात सहजी लावता येत नाही, कारण त्याची मुळे तिथल्या सत्तेच्या रचनेत असतात, हा इशारा तौलनिक कायद्याच्या अभ्यासकांना त्यांनीच दिला. ऑस्ट्रेलियाचा २०२३ चा निर्णय मानवी हक्कांच्या सनदेवर आधारलेला नव्हता, कारण तिथल्या राज्यघटनेत तशी सनदच नाही. शिक्षा देणे हे फक्त न्यायालयाचे काम आहे, या अधिकार-विभाजनाच्या तत्त्वावर तो उभा होता. आपल्याकडे राज्यघटनेचा अनुच्छेद २१ ‘कोणत्याही व्यक्ती’च्या जीविताला आणि स्वातंत्र्याला संरक्षण देतो, मग आपण ऑस्ट्रेलियाचा लांबचा वळसा का घ्यावा?

प्रतिसाद ४ (चिपळूण)

एक लहानसा आक्षेप नोंदवतो. सगळी तुलना लंडन, वॉशिंग्टन आणि कॅनबेराशीच का? आमच्या तालुक्यातील माणसे आखातात जातात. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर १९८३ च्या उत्प्रवास (कामासाठी परदेशी जाण्याच्या) कायद्याखाली तपासणी आवश्यक असल्याची नोंद असते, आणि पुढे तिकडे मालकाच्या परवानगीशिवाय नोकरी बदलता न येण्याची कफाला पद्धत त्यांच्या वाट्याला येते. कतारने २०२० मध्ये ही अट काढली, पण इतरत्र काय स्थिती आहे, हे आमच्या माणसांना कोणताच अभ्यासक्रम सांगत नाही.

मूळ लेखिकेचे उत्तर

चिपळूणचा आक्षेप मी पूर्ण मान्य करते. आखात वगळणे ही माझ्या अभ्यासक्रमाची खरी चूक आहे. कान-फ्रॉइंड यांचा इशाराही योग्य आहे, पण नियम उचलून आणा असे मी म्हणत नाही. ऑस्ट्रेलियाचा निर्णय वेगळ्या पायावर उभा आहे, हेच तर विद्यार्थ्याने शोधून काढावे. अनुच्छेद २१ आपल्याकडे आहे हे खरेच, परंतु १९५५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परकीयाला देशाबाहेर काढण्याचा सरकारचा अधिकार अमर्याद मानला, आणि २०२१ मध्ये रोहिंग्यांच्या प्रकरणात हद्दपार न होण्याचा हक्क फक्त नागरिकांपुरता असल्याचे म्हटले. संरक्षणाचे शब्द असूनही असे का झाले, हा प्रश्न दुसरीकडचे निर्णय वाचल्याशिवाय तीव्रतेने पडत नाही.

वकील महोदयांनी सांगितलेली दोन आणि तीन वर्षे मलाही ठाऊक आहेत. तीन का आणि दोन का, याचे उत्तर आपल्या अधिनियमात सापडत नाही. युरोपीय संघाच्या २००८ च्या निर्देशात सहा महिने आणि अपवाद म्हणून आणखी बारा, असे आकडे कायद्यातच लिहिलेले आहेत. ते योग्य आहेत की नाहीत यावर वाद घालता येतो, कारण ते कोणी आणि कुठे ठरवले हे दिसते. पुढच्या सत्रात मी क्रम मात्र बदलणार आहे. पहिल्या आठवड्यात, परकीय कोण हे ठरवणाऱ्या आसाममधील न्यायाधिकरणाचा एक आदेश, त्यातल्या मतदारयादीच्या प्रतीसह, आणि त्यानंतर डरहॅम.