कॉलेजची नोकरी, लँडस्केपची कामं आणि नर्सरी: तिन्ही एकदम जमतं का?

कंटूररेषा: एम.आर्च. लँडस्केप झालंय, पुण्यात फुल-टाइम शिकवते. सोबत डिझाइनची कामं आणि देशी झाडांची छोटी नर्सरी असा विचार आहे. सुरुवात कशापासून करावी? बिलं एकाच नावाने काढली तर चालेल?

मुरूममाती: आधी नेमणूकपत्र वाचा, बाहेरच्या कामाची परवानगी लेखी घ्या. खरी ओढाताण एप्रिल-मेमध्ये होते. कॉलेजात जुरी (विद्यार्थ्यांच्या डिझाइनचं परीक्षण) आणि साइटवर भराव-उतार (माती भरून जमिनीला उतार देणं), दोन्ही एकाच वेळी. भराव पावसाआधी संपायलाच हवा. लेव्हल चुकली की पहिल्याच मोठ्या सरीत पाणी प्लिंथकडे, म्हणजे इमारतीच्या जोत्याकडे वळतं. म्हणून फी ठरवतानाच साइट व्हिजिट मोजून लिहा, समजा १२. त्यापुढच्या प्रत्येक फेरीचे पैसे वेगळे. हे कलम नसेल तर माळी नळ कुठे लावू विचारायलाही बोलावून घेतो.

पक्कंबिल: बिलं एकत्र अजिबात नकोत. जिवंत रोपांवर जीएसटी नाही, डिझाइनवर १८ टक्के. 'डिझाइन, रोपं, लागवड' असं एकरकमी बिल केलंत तर सगळ्या रकमेवर १८ टक्के बसू शकतात. आणि जीएसटी नोंदणीची २० लाखांची मर्यादा मोजताना करमुक्त रोपविक्री धरली जाते, बाहेर व्हिजिटिंग फॅकल्टी म्हणून शिकवल्याचं मानधनही. पगार मात्र नाही.
नर्सरी तुमचीच आहे हे क्लायंटला आधीच लेखी कळवा. झाडांच्या यादीत शास्त्रीय नाव, उंची, खोडाचा घेर, पिशवीचा आकार द्या, म्हणजे दुसऱ्या नर्सरीचा दर मागवता येतो. तुमची झाडं विकायची म्हणून यादी वाकवलीत तर डिझायनर म्हणून संपलात.

वावळ: नर्सरी शेवटी, आणि पाच-सहाच जाती. पळसाचं बी ताजंच पेरा, साठवलेलं नीट उगवत नाही. बहाव्याचं कवच टणक. पॉलिश पेपरवर घासून रात्रभर भिजवा.
सगळ्यात जास्त रोपं मरतात ती सोटमुळापायी. ते पिशवी फोडून जमिनीत शिरतं, उचलताना तुटतं, रोप चार दिवस हिरवं राहतं आणि साइटवर गेल्यावर माना टाकतं. शिव्या तुम्हाला. पिशव्यांखाली जाड प्लास्टिक अंथरा, दीड-दोन महिन्यांनी जागा बदला. उलट दोन वर्षं त्याच पिशवीत राहिलेल्या रोपाची मुळं आत गोल फिरतात. तसलं झाड पुढे वाऱ्यात आडवं होतं. विकू नका.

कंटूररेषा: आभार! झुडपांची संख्या कशी काढता? २०० चौरस मीटर, अंतर ४५ सेंमी.

वावळ: तिरकस ओळींत लावणार असाल तर चौरस मीटरला ५.७, म्हणजे ११४० रोपं. विद्यार्थी सरळ चौकटीने ४.९ धरतात आणि दीडशे रोपं कमी पडतात. वर १० टक्के मर धरून १२५० मागवा.