डॉक्टरला आहारशास्त्र किती यावे?

पांथस्थ :
‘आहार पाहायला आहारतज्ज्ञ आहेत, वैद्यकाच्या विद्यार्थ्यांवर आणखी एका विषयाचे ओझे कशाला?’ हे एका डॉक्टरांचे विधान वाचून गप्प बसवले नाही. अमेरिकेत १९८५ साली राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने या विषयाला किमान २५ तास द्यावेत असे सुचवले होते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तिथल्या १०५ वैद्यकीय महाविद्यालयांपैकी केवळ २८ महाविद्यालयांनी तो आकडा गाठला होता. आहारतज्ज्ञाकडे कोणाला पाठवायचे, हे तरी डॉक्टरलाच ओळखावे लागते ना?

शुष्कपर्ण :
तास वाढवून काय साधणार? जीवनसत्त्वांची कोष्टके मीही पाठ केली होती आणि परीक्षा संपताच विसरलो. शिवाय भूमध्यसागरी आहारावरचा २०१३ सालचा गाजलेला स्पॅनिश अभ्यास सहभागींना गटांत वाटताना राहिलेल्या दोषांमुळे २०१८ साली मागे घेऊन दुरुस्त स्वरूपात पुन्हा छापावा लागला. शास्त्रच इतके अस्थिर असताना शिकवायचे काय?

निशाचर :
बरेच दिवस उपाशी राहिलेल्या रुग्णाला एकदम पूर्ण आहार दिला, की इन्सुलिन वाढते, फॉस्फेट पेशींत ओढले जाते आणि रक्तातली त्याची पातळी इतकी घसरू शकते की हृदय व श्वसन धोक्यात येते. यात अस्थिर काय आहे? मी निवासी डॉक्टर असताना आम्ही नेमके हेच केले. तिसऱ्या दिवशी रुग्णाला धाप लागली, आम्ही छातीत कारण शोधत राहिलो, आणि फॉस्फेट तपासा असे सांगितले ते आहारतज्ज्ञ बाईंनी. रुग्ण वाचला, पण ते श्रेय आमचे नव्हते.

सांजवेळ :
माझ्या आईची शस्त्रक्रिया दोनदा पुढे ढकलली गेली आणि ती तीन दिवस जवळजवळ उपाशी राहिली. निरोगी व्यक्तीला नियोजित शस्त्रक्रियेआधी दोन तासांपर्यंत पाणी चालते, हे अमेरिकी भूलतज्ज्ञांच्या संघटनेने १९९९ सालीच सांगितले होते. तरी ‘मध्यरात्रीपासून काही नाही’ हेच का चालू राहते?

शुष्कपर्ण :
भूल दिलेल्या रुग्णाच्या पोटातले उलटून फुफ्फुसात गेले की काय होते, ते मी पाहिले आहे. तुम्ही पाहिलेले नाही. ज्यांचे जठर सावकाश रिकामे होते, त्यांना हा दोन तासांचा नियम सरसकट लावता येत नाही. मधेच तातडीची शस्त्रक्रिया आली, तर तो दोष कोणाचा?

सांजवेळ :
तुमचा अनुभव खरा आहे, म्हणून माझ्या आईची उपासमार खोटी ठरत नाही. शस्त्रक्रिया रद्द झाल्यावर ‘आता जेवण द्या’ एवढे लिहिणे कोणालाच आपले काम वाटले नाही, आणि माझी तक्रार तेवढीच आहे.

पांथस्थ :
हीच उणीव मी म्हणतो आहे. प्रतिजैविकाचा एक डोस चुकला तर राउंडवर जाब विचारला जातो, पण सहा जेवणे चुकली तरी कोणी विचारत नाही, आणि विद्यार्थी तेच पाहून शिकतात.

शुष्कपर्ण :
राउंडवर विचारावे, हे मान्य करतो. त्या तीन दिवसांचे समर्थन मला करता येत नाही. स्वतंत्र परीक्षेला मात्र माझा विरोध कायम आहे, कारण तिच्यातून पुन्हा कोष्टकेच पाठ होतील. रुग्णाच्या खाटेशी शिकवणार असाल, तर त्यासाठी माझ्या विषयाचे तास घ्या.