कुत्रा रोज रात्री जंगलाकडे पळून राहिला, बांधू का? (नागपूर)

नमस्कार मंडळी, मदत पाहिजे होती. जरा लांब आहे, सांभाळून घ्या.

आमचा काळू, गावठीच, अडीच वर्षांचा, पावसाळ्यात नालीतून उचलून आणलेला. काटोल रोडला राहतो आम्ही, मागे दोन प्लॉट सोडले की गोरेवाड्याचं जंगल. दिवसा इतका शहाणा की बाबा आंघोळीला गेले तरी दाराशी बसून राहते, आईनं पोळी टाकली तर बाबांनी "खा" म्हटल्याशिवाय तोंड लावत नाही. पण दिवाळीपासून काय झालं काय माहीत, रात्री 11-12 ला तिकडून कोल्हे ओरडले की हा मान वर करून तसाच हेल काढतो (भुंकणं नाही हो, अंगावर काटा येते) आणि 5 फुटाच्या भिंतीवरून गायब.

सकाळी साडेपाचला बाबांच्या चहाच्या टायमाला फाटकाशी हजर, अंगभर कुसळं, बिस्कीट खाऊन बाबांच्या चपलेवर डोकं ठेवून झोपतो. मागच्या आठवड्यात तोंडाला रक्त होतं, त्याचं नव्हतं. एकदा मोराचं पीस आणलं. आई म्हणते, "मोर मारला असन तं जंगल खात्याचे लोक आपल्या घरी येतीन."

दोन रात्री साखळीनं बांधला, पाण्यालाही तोंड लावलं नाही, तिसऱ्या दिवशी बाबांनीच सोडला. म्हणे परत येते ना, मग जाऊ दे. मला बिबट्याची भीती वाटते, तिथे झूमधले तर आहेतच, पण जंगलात मोकळे बिबटेही आहेत आणि कुत्रं सापडलं तर ते सोडतात का. नसबंदीनं हे थांबेल का? रेबीजचा बूस्टर 6 महिने लेट आहे, तेही टेन्शन.

प्रतिसाद 1:
भाऊ, बूस्टर उद्याच द्या, बाकी नंतर. हेल काढणं लांडग्यापासून आलंय, आमचा तर अ‍ॅम्ब्युलन्सच्या सायरनलाही काढतो 😄 नर रात्री भटकतो तो बरेचदा माजावर आलेल्या कुत्रीच्या वासानं, ते नसबंदीनं बऱ्यापैकी कमी होईल. पण पीस आणि रक्त म्हणजे शिकारीची चटक, ती ऑपरेशननं जात नाही. सेव्हन इन वन लस (डिस्टेंपर वगैरे रोगांची एकत्र) पण बघा, कारण डिस्टेंपर हा व्हायरसचा आजार कुत्र्यांकडून जंगलातही जातो, 2018 ला गीरमध्ये 20 च्या वर सिंह मेले तेव्हा हाच व्हायरस सापडला होता. सेमिनरी हिल्सच्या व्हेटर्नरी कॉलेजला दाखवा. आणि साखळी नको, रात्री घरात घ्या.

धागाकर्ता:
धन्यवाद भाऊ. लस झाली, ऑपरेशनचं उद्या विचारतो. काल बाबांच्या खोलीत झोपवला. 12 ला कोल्हे सुरू झाले, हा दाराशी जाऊन उभा, एकदा दाराकडे पाहते, एकदा बाबांकडे, आवाज काहीच नाही. बाबाही खाटेवर उठून बसलेले. मी कडीला कुलूप लावून चावी माझ्याकडे ठेवली होती म्हणून, नाहीतर बाबांनी उघडलं असतं. असं किती दिवस करावं लागते, कोणाला अनुभव आहे का?