‘तोंड आवर’ म्हणणाऱ्यांनो, चरबीतल्या सुजेचं काय?

म्हापशेकर (धागाकर्ता)

परवा बहिणीला घेऊन तपासणीला गेलो होतो. वय ३४, वजन ८८, मान आणि काखा काळ्या. रिपोर्ट धड उघडलाही नव्हता आणि डॉक्टरांनी ऐकवलं, "भात, पाव बंद. तोंड आवरा जरा." ती गाडीत बसेपर्यंत गप्प राहिली, मग रडली.

त्या मानेचं सांगतो. ती बारावीत असल्यापासून आई तिची मान घासत आली. आधी चण्याच्या पिठाने, मग लिंबाने, शेवटी नारळाच्या सोडणाने. कातडी लाल व्हायची, काळं जायचं नाही. कारण तो मळ नव्हताच. शरीर इन्सुलिनला दाद देईना की स्वादुपिंड ते आणखी ओततं, आणि त्या जादा इन्सुलिनने कातडी जाड, काळपट होते. सोळा वर्षं आम्ही रोग घासत होतो.

आता मुद्दा. चरबी म्हणजे नुसतं कोठार नव्हे. १९९३ साली हॉटामिस्लिगिल आणि स्पीगलमन यांनी दाखवलं की लठ्ठ उंदरांच्या चरबीतूनच टीएनएफ-अल्फा हे सूज आणणारं रसायन पाझरतं आणि ते इन्सुलिनच्या कामात आडवं येतं. २००३ मध्ये कळलं की सडसडीत शरीराच्या चरबीत भक्षकपेशी, म्हणजे मेलेलं-बिघडलेलं गिळणाऱ्या संरक्षक पेशी, दहा टक्क्यांहून कमी असतात, अति लठ्ठपणात त्या चाळीस टक्क्यांजवळ जातात. फुगून मेलेल्या चरबीपेशीभोवती त्या कोंडाळं करून बसतात. बाहेरून ना लाली, ना ठणका. आत मात्र धुमसत असतं, आणि इन्सुलिनने पेशीचं दार वाजवलं तरी निरोप आत पोचत नाही.

हा आजार आहे, चारित्र्यदोष नव्हे. औषध सुजेवर द्या, उपदेश पुरे. २०२३ च्या आयसीएमआर-इंडियॅब पाहणीत मधुमेहात गोवा देशात पहिला आला, २६.४ टक्के. देशाची सरासरी ११.४. म्हणजे चौघांतला एक गोंयकार हावरट समजायचा का?

उकडा_तांदूळ

म्हापशेकर बाब, बहिणीला बोलले ते वाईटच. पण तुमचं शास्त्र म्हणजे आधी कळस मग पाया.

सूज हेच मूळ असेल, तर सूज मारली की साखर सुधारायला हवी. माणसांत टीएनएफ अडवून पाहिला, मधुमेही लठ्ठांची इन्सुलिन-संवेदनशीलता हलली नाही. इंटरल्युकिन हे सुजेचं दुसरं रसायन अडवणाऱ्या कॅनाकिनुमॅब या औषधाने २०१७ च्या मोठ्या चाचणीत हृदयविकाराचे झटके कमी केले, नवा मधुमेह मात्र रोखला नाही. आणि सुजेवरचं सगळ्यांत जालीम औषध कोणतं? स्टिरॉइड. दम्याच्या पेशंटाला आठवडाभर द्या आणि साखर बघा.

माझ्या मते आधी कोठार भरतं. कातडीखाली जागा उरली नाही की चरबी यकृतात आणि स्नायूंत सांडते आणि तिथे इन्सुलिन अडतं. सूज हा त्या सांडण्याचा बोभाटा. २०१८ च्या ‘डायरेक्ट’ नावाच्या ब्रिटिश चाचणीत कमी उष्मांकांच्या आहारावर ठेवलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांचा मधुमेह वर्षभरात माघारी गेला. ज्यांनी १५ किलो किंवा जास्त उतरवले त्यांच्यात ८६ टक्क्यांचा. तेव्हा तोंडाचा संबंध आहेच, राग येवो की न येवो.

म्हापशेकर

स्टिरॉइडचं उदाहरण चलाखीचं आहे, प्रामाणिक नाही. ते यकृताला थेट साखर करायला लावतं, सुजेशी त्याचा हिशोब वेगळा.

आणि सॅलिसिलेट कुठे सोडलंत? ॲस्पिरिनच्या घराण्यातलं हे औषध जर्मनीत १८७६ मध्येच मधुमेह्यांच्या लघवीतली साखर कमी करताना दिसलं होतं. २०१३ मध्ये त्याच घराण्यातल्या सॅल्सलेटने ४८ आठवड्यांत एचबीए१सी, म्हणजे तीनेक महिन्यांच्या साखरेचा सरासरी आकडा, खाली आणलं.

उकडा_तांदूळ

०.३७ टक्के-अंकांनी आणलं. हा आकडा तुम्ही लिहिला नाहीत, म्हणून मी लिहितो.

तिखट_हुमण

सूज म्हणाल तर आमच्या आजीला फक्त पायाची कळते, आणि दाह म्हटलं की ती छाती चोळत आवळा मागते. शब्दच असा पडलाय की कुणीही काहीही विकावं. माझ्या सासूबाईंनी "आतली सूज उतरवणारी" हळद-मिरीची कॅप्सूल घेतली, चौदाशेची बाटली. महिनाभर घेतली. मधुमेहाची गोळी बंद ठेवून! साखर तीनशेवर. म्हापशेकर, तुमचा धागा असल्या लोकांच्या हातात पडला तर जाहिरातच होईल, एवढंच.

तुमच्या बहिणीचं मात्र पटलं. माझ्याही मानेवर होतं.

साखळीकर

दोघेही वजनावर अडलात. माझं वजन ६१, उंची पाच-सात, लग्नातली पँट अजून होते. मधुमेह आठ वर्षं. मला कुणी तोंड आवर म्हणत नाही, उलट चवथीला दोन नेवऱ्या जास्त वाढतात.

पुण्याच्या केईएमचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा तो प्रसिद्ध फोटो पाहा, २००४ च्या लॅन्सेटमधला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. चरबी युडकिनची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२! म्हणून तर आपल्याकडे लठ्ठपणाची रेषा बीएमआय २५ वर ओढतात, आणि कंबर पुरुषाची ९०, बाईची ८० सेंटिमीटर. काट्यापेक्षा शिंप्याची टेप बरी.

उलटंही घडलंय. २००४ मध्येच अमेरिकेत १५ लठ्ठ बायकांच्या पोटाची सुमारे दहा किलो चरबी नळीने ओढून काढली. ना इन्सुलिन सुधारलं, ना सुजेची रसायनं कमी झाली. कातडीखालचीच गेली होती.

उकडा_तांदूळ

हे माझ्याच बाजूचं झालं. उष्मांकांचा हिशोब काही बदलला नव्हता, यकृतातली जागच्या जागी राहिली.

म्हापशेकर

आणि माझ्याही. दहा किलो उतरले तरी सूज तेवढीच, इन्सुलिनही तसंच. दोन्ही जोडीने राहिली ना?

तिखट_हुमण

जोडीने राहतात तर कडी आणि शीत (भात)ही. कुणी कुणाला आणलं ते सांगा.

बरं, चेन्नईची चाचणी कुणी काढली नाही. २००६ ची. चालणं-फिरणं आणि आहार, यावर मधुमेहाचा धोका २८.५ टक्क्यांनी कमी झाला, आणि वजन फारसं हललंच नव्हतं. बहिणीला हे सांगा. काटा हलला नाही म्हणून पोरगी दुसऱ्या आठवड्यात सोडून देते, हे मी स्वतः तीनदा केलंय.

उकडा_तांदूळ

हे मान्य. पण गोळी सुरू केली असेल तर ती चालूच.

म्हापशेकर

मेटफॉर्मिन, मधुमेहाची गोळी, सुरू आहे. डॉक्टर बदलला. सकाळी आम्ही दोघं तळ्याकाठी चालतो, परतताना मी पातळ भाजी-पाव खातो आणि ती माझ्याकडे बघत चहा पिते. तिथे माझीच चूक, कबूल.

साखळीकर

मान घासणं थांबलं का?

म्हापशेकर

थांबलं. सोडण आता भांड्यांना.