आजीच्या पेटीतली आंगठी: नगावरची अक्षरं कोणाले वाचता येतात का?

वावरवाला:
नमस्कार मंडळी. अंजनगाव सुर्जीकडचा हाय. आमची आजी यंदा पोळ्याच्या आधी गेली. दिवाळीत तिची पेटी उघडली तं तळाच्या लुगड्याले गाठ मारून ठेवलेली चांदीची आंगठी निंघाली. गड्याच्या बोटाची, माह्या अंगठ्यातबी ढिली होते. नग, म्हंजे वरचा खडा, कवेलूच्या रंगाचा. टॉर्च खाली धरला तं निखाऱ्यासारखा लाल दिसते. त्याच्यावर उर्दूसारखी बारीक अक्षरं कोरलेली हायेत. आमच्या घरी तं कोणी उर्दू शिकलं नाई.

सोनाराकडे नेली. ११ ग्रॅम भरली. म्हणे नग काचेचा हाय, चांदीचे पैसे घेऊन जा, नाईतं चिंचेनं घासून आणा, मंग पाहू. बायकोनं चिंच भिजवलीबी. म्हटलं थांब. घासू का नको?

भिंगवाला, नागपूर:
भाऊ, चिंच वरणात घाला, अंगठीला लावू नका. जुन्या अंगठीत नगाखाली बहुतेक वेळा लाख भरलेली असते. गरम पाण्यात घातली की लाख मऊ होते आणि नग हातात येतो. काळपट थर राहू द्या, कोरड्या सुती कपड्यानं पुसा, बस.

काचेचं म्हणाल तर भिंगाखाली पाहा. साच्यातल्या काचेत बुडबुडे असतात, अक्षरांच्या कडा गोळमटोळ असतात. वर्णनावरून मला हा अकीक, म्हणजे एक कठीण दगड, वाटतो. तो पोलादी चाकूनंही ओरखडत नाही, म्हणून कमानीनं फिरवायच्या बारीक चाकावर कुरुंदाची, म्हणजे त्याहून कठीण दगडाची, पूड लावून कोरत. गुजरातेत रतनपूरच्या खाणीतला अकीक भाजून लाल करायचे, खंबातला त्याला घाट द्यायचे. (चाकू लावून पाहू नका, सांगून ठेवतो!)

आता खरी गंमत. उजेड तिरपा धरून फोटो काढा आणि मोबाइलमध्ये आरशासारखा उलटवा. उलटवल्यावर अक्षरं सरळ झाली तर तो शिक्का, शाई लावून कागदावर उठवायचा. आधीपासूनच सरळ असतील तर बहुधा ताविजाची अंगठी.

वावरवाला:
उलटवला, फोटो टाकला हाय. पोराचे मास्तर म्हणते आता सरळ दिसते.

उर्दू शिक्षक, अचलपूर:
फोटो पाहिला. लिपी फारसी आहे, पण नाव हिंदू. सुरुवातीची अक्षरं झिजली आहेत, शेवटी 'राव' स्वच्छ आहे. खाली १२४०, हे हिजरी साल, म्हणजे इ.स. १८२४-२५. वऱ्हाड तेव्हा निजामाकडे होतं, इंग्रजांकडे १८५३ ला गेलं. दरबारी कागद फारसीत चालायचे, म्हणून हिंदू कारभारीही असा शिक्का करून घेत. मात्र साल नगाचं आहे, चांदीचं नाही. चांदी झिजली की तोच नग नव्या अंगठीत बसवत.

गावकडचा:
विकायची असेल तर एक ध्यानात ठेवा. १९७२ च्या कायद्यानं शंभर वर्षांवरची अशी वस्तू देशाबाहेर विकता येत नाही. परदेशातून कोणी मेसेज केला तर हो म्हणू नका.

वावरवाला:
सगळ्यांचे आभार. रात्री आत्याले फोन केला. आमच्यात 'राव' लावणारं कोणी नाई, मंग हा कोण, मले झोप येईना. आत्या हसाले लागली. म्हणे, अरे ते गहाण होय. आजीची सासू सरकीसाठी पैसे द्यायची. कोण्या वाड्यातल्या माणसानं ठेवली, सोडवाले आलाच नाई. आजीले सासूनं बजावलं होतं, पराई वस्तू हाय, घालू नको, विकू नको. म्हणून लुगड्याले गाठ.

आत्यानं वाड्याचं गाव सांगतलं, नाव नाई आठवत तिले. मोटरसायकलनं अर्ध्या तासावर हाय. कापूस वेचून झाला की जातो. चिंच वरणात गेली.