एकटी बटू दीर्घिका मध्येच पेटते ती स्वतःहून की कुणी पेटवल्यावर?

परभणीकर: रात्री गच्चीवर भावाशी यावरनंच वाजलं म्हणून इथं टाकायलोय. बटू दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेपुढं अगदी लहान असे ताऱ्यांचे समूह, शेजारीपाजारी कुणी नसताना मध्येच भराभर तारे बनवतात न् मग गप पडतात, माझ्या मते हे त्यांचं त्या करतात. आमच्या विहिरीसारखंच. तासभर मोटार चालली की पाण्यातला फुटव्हॉल्व्ह उघडा पडतो, बंद करायची, झऱ्यांनी पाणी चढलं की परत स्टार्टर. तिथं मोठे तारे फुटून गॅस बाहेर ढकलतात, तो थंड होऊन परत आत येतो की पुढची पाळी.

लातूरचा मास्तर: विहिरीला पाणी कॅनॉल सुटल्यावर चढतं राव, उगं नाही. एनजीसी १५६९ या बटू दीर्घिकेला पण सगळे एकटीच म्हणायचे. २००८ ला हबल दुर्बिणीनं बघितलं तर वाटलं होतं त्याहून लांब निघाली, जवळपास १.१ कोटी प्रकाशवर्षं, न् बसलीय दहाएक दीर्घिकांच्या घोळक्यात! अंतरच चुकलं होतं.

परभणीकर: ती एक सापडली म्हणून सगळ्याच तशा का? लिओ पी ही बटू दीर्घिका घ्या, ५३ लाख प्रकाशवर्षांवर. सुरुवातीला तारे बनवले, मग काही अब्ज वर्षं बंद, मग परत सुरू. वेब दुर्बिणीनं दाखवलंय हे. तिला कोण ढोसायला गेलतं?

माजलगावची पोरगी: मास्तर, कॅनॉल बाहेरचाच कशाला पाहिजे? एनजीसी ३७४१ या बटू दीर्घिकेत तारे दिसतात एवढ्याश्या जागेत, पण आपल्या नारायणगावजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीनं बघितलं तर हायड्रोजनची, म्हणजे तारे बनायच्या गॅसची, चकती त्याच्या आठ पट पसरलेली. घरचंच तळं हाय की.

लातूरचा मास्तर: तळं हाय हे कबूल, पण एवढं पाणी असून वापरत नाही, मग आत ढकलतं कोण? आणि सुपरनोव्हानं, म्हणजे मोठे तारे फुटून, गॅस हाकलला तर तारे बनायचा भडका ५० लाख ते एक कोटी वर्षांत विझायला पाहिजे. मोजलेले भडके ४५ ते ६५ कोटी वर्षं चाललेत, काही त्याहून जास्त. तुमची मोटार बंदच होईना गेली.

परभणीकर: एक मोटार कुठं म्हणलो, शिवारात पन्नास हायत. एक बंद पडते तवर बांधापल्याडची सुरू होते, लाइट असेपर्यंत शिवार भिजतच राहतंय. भडका असा या कोपऱ्यातनं त्या कोपऱ्यात फिरतो.

लातूरचा मास्तर: हे पटलं. पण पन्नास जणांनी एकाच हप्त्यात मोटारी का लावल्या ते सांगा आता.