खरी मेख लॉट नंबरची

'बंदुकीच्या काडतुसांच्या प्रत्येक विक्रीआधी ऑनलाइन पडताळणी सक्तीची झाली, तर छोट्या दुकानदाराला एक संगणक घ्यावा लागेल, एवढंच' हे म्हणणं अर्धंच बरोबर. एका वेळी किती आणि वर्षाला किती काडतुसं, हे गिऱ्हाइकाच्या शस्त्रपरवान्यावर आजही लिहिलेलं असतं. विक्रीची नोंदही होते. लॉटवार (कारखान्यात एकत्र बनलेल्या गटानुसार) नोंद मागितली की मात्र गाडं अडतं. लॉट नंबर खोक्यावर छापलेला असतो. काडतुसाच्या बुडावर बहुधा कारखान्याची खूण नि बोअर (नळीचं माप), बस्स. गिऱ्हाइकाच्या मर्यादेत चारच उरली असतील तर खोका फोडावा लागतो, आणि उरलेली दुसऱ्या सुट्यांत मिसळली की एकूण साठा जुळतो, लॉट जुळत नाही. फोडलेल्या खोक्यातली काडतुसं त्याच खोक्यात ठेवणं, हाच उपाय.

अजून एक. पीकरक्षणासाठी ठासणीची (नळीत बारूद ठासून भरायची) बंदूक बाळगणाऱ्या काटोल-उमरेडकडच्या शेतकऱ्याला काडतूस लागतच नाही. त्याला लागतात बारूद पेटवणाऱ्या टोप्या आणि बारूद: टोप्या नगावर, बारूद वजनावर. शिवाय बारुदाला स्फोटक नियम 2008 लागू, म्हणजे 'पेसो'चा कारभार (केंद्राची स्फोटक-सुरक्षा संस्था; मुख्यालय आपल्याच नागपुरात!). ऑनलाइन पडताळणीच्या नव्या फॉर्मात नुसता 'नग' हा रकाना असेल, तर ही विक्री भरायची कुठे?